क्लेम तपासणाऱ्या मंडळींनो, ‘पॉलिक्लिनिक’ वाचलं की लगेच ओपीडी समजू नका

प्रति,
ट्रॅव्हल इन्शुरन्स आणि मेडिक्लेम कंपन्यांमधली, शिवाय टीपीएमधली (विमा कंपन्यांच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थांमधली) क्लेम तपासणारी समस्त मंडळी

नमस्कार.

मी पुण्यात जर्मन आणि इटालियनची भाषांतरं करते. पूर्वी मशिनरीची मॅन्युअल्स असायची, आता निम्मं काम हॉस्पिटलच्या कागदांचं असतं कारण आपली माणसं युरोप टूरला जातात, तिकडे कोणी पायऱ्यांवरून पडतं, कोणाच्या छातीत दुखायला लागतं, आणि परत आल्यावर क्लेमसाठी ती सगळी बाडं इंग्रजीत करून द्यावी लागतात. म्हणजे तुमच्या टेबलावर शिक्का मारलेलं जे सर्टिफाइड ट्रान्सलेशन येतं ना, ते करणाऱ्यांपैकी मी एक.

पत्र लिहायला निमित्त झालं ठाण्याच्या एका काकांची फाइल. काका-काकू टूरबरोबर गेले होते, रोममध्ये काकांच्या छातीत दुखायला लागलं, अ‍ॅम्ब्युलन्सनं तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं, रात्रीच अँजिओग्राफी, स्टेंट, मग चार रात्री अ‍ॅडमिट. सगळं नीट झालं, काका आता रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारतात. पण त्या हॉस्पिटलच्या नावात ‘पॉलिक्लिनिको’ असा शब्द आहे, आणि तुमच्यापैकी कोणीतरी तो वाचून फाइलवर शेरा मारला की उपचार पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजेच ओपीडी बेसिसवर, अ‍ॅडमिट न होता घेतलेले आहेत, सबब ओपीडीच्या सब-लिमिटमध्ये, म्हणजे ओपीडीसाठी ठरवलेल्या कमाल रकमेत, बसेल तेवढीच रक्कम मंजूर. काकूंनी मला फोन केला, म्हणाल्या, “अगं, मग चार रात्री हे काय बाकड्यावर बसून होते का?”

कंपनीचं नाव मी लिहीत नाहीये, कारण असला घोळ एकाच कंपनीत होतो असं अजिबात नाही. आणि खरं सांगायचं तर शेरा मारणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही, कारण आपल्याकडे या शब्दाचा अर्थ तोच आहे. कुठल्याही पेठेत, कुठल्याही उपनगरात बघा, पहिल्या मजल्यावर औषधाच्या दुकानाच्या वर एक पाटी असते, अमुक पॉलिक्लिनिक, खाली सहा-सात डॉक्टरांची नावं डिग्र्यांसकट, आणि समोर वेळा: हाडांचे डॉक्टर सोम-गुरू संध्याकाळी, कान-नाक-घसा बुधवारी, स्किनवाले फक्त अपॉइंटमेंटनं. आत दोन केबिन, एक रिसेप्शनवाल्या ताई, वजनकाटा, आणि रात्री साडेनऊला शटर खाली. तिथे अ‍ॅडमिट व्हायची सोयच नसते. केंद्राच्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखालच्या मानकांमध्येसुद्धा क्लिनिक आणि पॉलिक्लिनिक एकाच खान्यात टाकलेत, एक डॉक्टर बसला तर क्लिनिक, जास्त बसले तर पॉलिक्लिनिक, असा साधारण हिशोब. माजी सैनिकांची ईसीएचएस योजना एप्रिल 2003 मध्ये सुरू झाली, तिची पॉलिक्लिनिकं साताऱ्याला आहेत, कोल्हापूरला आहेत, तिथेही तपासणी, औषधं आणि गरज पडली तर मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी, एवढंच. मुंबई महापालिकेनं 2022 च्या शेवटी आपला दवाखाना सुरू केला त्यात जी पॉलिक्लिनिकं आहेत तीही अशीच, स्पेशालिस्ट येऊन बसतात, पेशंट दाखवून घरी जातो. त्यामुळे इथला पेपर असता तर तुमचा शेरा बरोबर ठरला असता.

(एक गंमत. आपल्या राज्यात माणसांना इंग्रजी पॉलिक्लिनिक मिळालं आणि गाईम्हशींना शुद्ध मराठी. पशुसंवर्धन खात्याची पाटी वाचा कधीतरी, ‘जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय’. ते म्हणजे व्हेटर्नरी पॉलिक्लिनिकच. शब्द चांगला घडवलाय, पण ज्यानं घडवला त्यानं पॉलि म्हणजे ‘अनेक, सर्व’ असं धरलं, आणि मूळ शब्दाच्या बाबतीत तीच तर मेख आहे.)

आपल्याला पॉलि म्हटलं की पॉलिटेक्निक, पॉलिएस्टर, पॉलिथिन आठवतं, सगळीकडे ग्रीक ‘पोलुस’, म्हणजे पुष्कळ. पण हॉस्पिटलचा हा शब्द जर्मनीत घडला तेव्हा त्यातला पोलि पुष्कळवाला नव्हताच, तो ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे शहर यातला होता. शहरवाल्या शब्दात ‘आय’ (i) येतो, पुष्कळवाल्यात ‘वाय’ (y), आणि जर्मनमध्ये आजही स्पेलिंग त्याच आयनं करतात. इंग्रजीतही पॉलिक्लिनिक असं आयवालं एक स्पेलिंग आहे, मोठ्या डिक्शनऱ्यांमध्ये सापडतं, अर्थ दिलेला असतो ‘हॉस्पिटलचा बाह्यरुग्ण विभाग किंवा दवाखाना’, पण वापरतं कोण, कारण वायवालं पॉलिक्लिनिक आलं, उच्चार दोघांचा एकच, आणि धाकट्यानं थोरल्याला घराबाहेर काढलं. अमेरिकेत 1880 च्या दशकात न्यूयॉर्क पॉलिक्लिनिक, फिलाडेल्फिया पॉलिक्लिनिक अशा संस्था निघाल्या, डिग्री झालेल्या डॉक्टरांना पुढचं शिकवायला, त्या वायवाल्याच.

शहर कशासाठी? तर हा प्रकार चालायचाच शहरात हिंडून. बर्लिनला 1810 मध्ये युनिव्हर्सिटी सुरू झाली आणि त्याच वर्षी क्रिस्टोफ विल्हेल्म हुफेलांड या डॉक्टरनं तिथे पोलिक्लिनिक काढलं. हुफेलांड म्हणजे लहान आसामी नव्हे, आधी वायमारला असताना गटे आणि शिलर हे नामवंत जर्मन साहित्यिक त्याचे पेशंट, नंतर प्रशियाच्या राजाचा डॉक्टर. होमिओपॅथीवाल्यांना सांगायला हरकत नाही की त्यांच्या पद्धतीचा जनक हानेमान यानं आपलं तत्त्व पहिल्यांदा मांडलं तो 1796 चा लेखही हुफेलांडच्याच मासिकात छापून आला होता. तर त्याच्या पोलिक्लिनिकची पद्धत अशी की गावातले गरीब पेशंट ज्यांना चालता येतंय त्यांनी ठरल्या वेळी यायचं आणि तपासून घ्यायचं, ज्यांना उठवत नाही त्यांच्या घरी शेवटच्या वर्षांचे विद्यार्थी जाणार, नाडी बघणार, औषध देणार, येऊन सरांना रिपोर्ट करणार, आणि अवघड वाटलं तर सर स्वतः जाणार. गरिबाला फुकट उपचार आणि पोरांना शिकायला खऱ्या केसेस. हे असं गटिंगन, येना अशा गावांत त्याच्या आधीपासून चालू होतं, बर्लिननं त्याला वजन दिलं.

आता क्लिनिक. ग्रीकमध्ये ‘क्लिने’ म्हणजे खाट. जो वैद्य आजाऱ्याच्या खाटेपाशी जातो तो क्लिनिकॉस. म्हणजे शब्दाच्या पोटात खाट आहे, आणि आपण क्लिनिक म्हणतो ते नेमकं अशा जागेला जिथे खाट नसते, असलीच तर तपासायचं ते रेक्झिनचं टेबल. हुफेलांडच्या काळात पोलिक्लिनिक हे नाव मात्र चोख होतं, कारण पेशंटची खाट शहरात त्याच्या स्वतःच्या घरी असायची आणि डॉक्टर तिथवर जायचा. तुम्ही लोक दिवसभर ‘किती खाटा’ एवढ्यावरच हॉस्पिटल आहे की नाही ठरवता म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि हो, ग्रीक पोलिसवरून पोलीस आला, पॉलिटिक्स आलं, सरकारी धोरण या अर्थाची पॉलिसीसुद्धा आली. तुमची इन्शुरन्सवाली पॉलिसी मात्र या घरातली नाही बरं का. ती इटालियन ‘पोलित्सा’वरून आली, आणि त्याच्या मागे जात जात आपण ग्रीक ‘आपोदेइक्सिस’ला पोचतो, अर्थ काय, तर पुरावा. स्वभाव शब्दापासूनच आलाय म्हणायचा.

असो, मूळ मुद्दा. हा शब्द जर्मनीतून निघाला आणि प्रत्येक देशात जाऊन वेगळा झाला, तेवढं तुमच्या लोकांना कोणीतरी सांगायला पाहिजे.

जर्मनीत युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर बऱ्याचदा ‘क्लिनिक उंट पोलिक्लिनिक’ असं जोडनाव असतं, म्हणजे त्या विभागात अ‍ॅडमिट पण करतात आणि ओपीडीही चालते, दोन्ही एकाच कागदावर छापलेलं. त्यातला दुसराच शब्द वाचून ओपीडी ठरवणं म्हणजे कमाल आहे, आणि हे होतं, मी बघितलंय. पूर्व जर्मनीत तर पोलिक्लिनिक ही अख्खी व्यवस्थाच होती, सरकारी पगारावरचे वेगवेगळे स्पेशालिस्ट एका छपराखाली, 1990 ला देश एक झाल्यावर त्यातली बहुतेक मोडीत निघाली आणि मग 2004 पासून साधारण तसलीच सेंटरं वेगळ्या लांबलचक नावानं परत आणली. डच लोकांनी पोलिक्लिनिकचं नुसतं ‘पोली’ केलं आणि ते इंडोनेशियात जाऊन बसलं, तिथल्या हॉस्पिटलात ‘पोली गिगी’ म्हणजे दातांची ओपीडी, ‘पोली आनाक’ म्हणजे लहान मुलांची. बालीला हनिमूनला गेलेल्या जोडप्याच्या कागदावर पोली दिसलं तर ती ओपीडीच, तिथे माझं तुमच्याशी भांडण नाही. तुर्कस्तानात पण तसंच, पोलिक्लिनिक म्हणजे हॉस्पिटलची ओपीडी. रशियात ‘पोलिक्लिनिका’ हा वस्तीतला सरकारी दवाखाना, अ‍ॅडमिट व्हायचं असलं तर ‘स्तात्सिओनार’मध्ये जायचं, आपली जी मुलं तिकडे एमबीबीएसला जातात त्यांना हा फरक पहिल्याच वर्षी कळतो.

फ्रेंच लोकांनी कहर केलाय. त्यांच्याकडे आय आणि वाय दोन्ही शब्द जिवंत आहेत, उच्चार अगदी एकच, आणि अर्थ जवळजवळ उलटे. आयवालं पोलिक्लिनिक म्हणजे खाटा नसलेला शहरी दवाखाना. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला युनिव्हर्सिटीचं असं पोलिक्लिनिक 1887 पासून होतं, 2019 मध्ये त्याचं नाव बदललं. वायवालं म्हणजे अनेक विभाग असलेलं हॉस्पिटल, फ्रान्समध्ये कितीतरी प्रायव्हेट हॉस्पिटलांच्या नावात ते आहे, तिथे ऑपरेशनं होतात, बाळंतपणं होतात, माणसं आठवडा आठवडा राहतात. म्हणजे एका अक्षरावर तुमचा पूर्ण क्लेम आणि सब-लिमिट यांच्यातला फरक आहे, आणि ते अक्षर फोटोकॉपीत पुसट आलेलं असतं!

आणि इटली. इटालियनमध्ये वायचं फारसं काम नाही, सगळं आयनंच लिहितात, त्यामुळे स्पेलिंगवरून काही कळायची सोय नाही, आणि तिथे पॉलिक्लिनिको म्हणजे बहुतेक वेळा मोठ्ठं, युनिव्हर्सिटीला जोडलेलं, सगळे विभाग असलेलं हॉस्पिटल. आपल्या ससूनचा किंवा केईएमचा जो दर्जा तो. रोमचं पॉलिक्लिनिको उंबेर्तो प्रिमो म्हणजे तिथल्या राजाच्या नावाचं अवाढव्य हॉस्पिटल. मिलानचं मोठं हॉस्पिटल 1456 मध्ये तिथल्या ड्यूकनं, फ्रांचेस्को स्फोर्झानं काढलं, त्याच्याही आजच्या नावाला शेपटी पॉलिक्लिनिकोचीच. आणि रोमचंच पॉलिक्लिनिको जेमेल्ली. हजारावर खाटा. 13 मे 1981 ला पोप जॉन पॉल दुसरे यांना सेंट पीटर्सच्या चौकात गोळ्या लागल्या तेव्हा त्यांना तिथेच नेलं, ऑपरेशन तिथेच झालं. परवा 2025 मध्ये पोप फ्रान्सिस दोन्ही फुप्फुसांच्या न्यूमोनियानं आजारी पडले तेव्हा 14 फेब्रुवारी ते 23 मार्च, सलग 38 दिवस तिथेच होते, रोज टीव्हीवर त्या बिल्डिंगच्या खिडक्या दाखवत होते. तुमच्या हिशोबानं पोप 38 दिवस ओपीडीत होते. सब-लिमिट किती मिळाली असती कोण जाणे.

व्हिएन्नाचं पण सांगते, कारण तिथली फाइल मी मागच्या वर्षी केली. तिथे 1872 साली तरुण डॉक्टरांच्या एका गटानं पोलिक्लिनिक काढलं, गरिबांना फुकट तपासायला, नाव अर्थाला धरून होतं, मग हळूहळू खाटा आल्या, विभाग आले, आणि नाव तेच ठेवून ते हॉस्पिटल झालं. आपल्याकडे ज्यांची पुस्तकं भरपूर वाचली जातात ते मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल दुसऱ्या महायुद्धानंतर 1946 पासून 1970 पर्यंत तिथल्या न्यूरॉलॉजी विभागाचे प्रमुख होते. म्हणजे एकाच गावात, एकाच पाटीखाली शब्दानं जात बदलली.

आता तुम्ही म्हणाल आम्ही डिक्शनऱ्या घेऊन बसायचं का. नको. तुमच्याच नियमात उत्तर आहे. आयआरडीएआयची, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाची, हॉस्पिटलची व्याख्या तुम्हाला पाठ असेल, दहा लाखाच्या खालच्या गावात किमान 10 खाटा, बाकी ठिकाणी 15, चोवीस तास नर्सिंग, डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी. हॉस्पिटलायझेशन म्हणजे सलग किमान 24 तास अ‍ॅडमिट, काही ठरावीक उपचार सोडले तर. परदेशासाठी बऱ्याच पॉलिसींमध्ये तिथल्या कायद्यानं हॉस्पिटल म्हणून नोंदलेली संस्था असं लिहिलेलं असतं. यात कुठेही ‘नावात काय लिहिलंय’ हा निकष नाहीये. नाहीतर आपल्याकडे दोन खाटांची जागा स्वतःला सुपरस्पेशालिटी हॉस्पिटल म्हणवते तिला तुम्ही पाटी वाचून पैसे देता का? नाही ना, रजिस्ट्रेशन मागता, खाटा मोजता, वेळ पडली तर माणूस पाठवून बघून येता.

तसंच परदेशी कागदाचं करा. काकांच्या डिस्चार्ज लेटरमध्ये लेटरहेडच्या खालीच चौकट आहे, त्यात ‘दाता दि रिकोवेरो’ म्हणजे अ‍ॅडमिट झाल्याची तारीख, ‘दाता दि दिमिस्सिओने’ म्हणजे सोडल्याची तारीख, आणि ‘रेपार्तो’ म्हणजे वॉर्ड, तिथे कार्डिऑलॉजी लिहिलंय. पहिल्या रात्रीचा वेगळा कागद आहे त्यावर ‘प्रोन्तो सोकोर्सो’, म्हणजे कॅज्युअल्टी. मी हे सगळं भाषांतरात लिहून दिलं होतं, तारखांसकट, पहिल्याच पानावर. ते वाचलं असतं तर शेऱ्याची गरजच पडली नसती, पण तुमच्या माणसाची नजर वर हॉस्पिटलच्या नावावर थांबली, आणि हॉस्पिटलचं नाव मी भाषांतरात बदलू शकत नाही, ते जसंच्या तसंच ठेवावं लागतं.

जर्मन कागदात ‘श्टात्सिओनेर’ असेल तर पेशंट अ‍ॅडमिट होता, ‘आम्बुलांट’ असेल तर नव्हता, एवढे दोन शब्द भिंतीवर चिकटवून ठेवलेत तरी निम्मी भांडणं मिटतील. आणि तिथे दुसरा सापळा आहे, ‘आम्बुलान्त्स’. जर्मनमध्ये हा शब्द हॉस्पिटलच्या ओपीडीला वापरतात. मूळ लॅटिन ‘आम्बुलारे’ म्हणजे चालणं, जो पेशंट चालत येतो चालत जातो तो आम्बुलांट. एका बाईंच्या मनगटाच्या फ्रॅक्चरचं बिल आम्बुलान्त्सचं होतं, प्लास्टर, एक्सरे, डॉक्टरची फी सगळं धरून, तर तुमच्यापैकी कोणीतरी ते अ‍ॅम्ब्युलन्सचं भाडं समजून त्याच्या मर्यादेत बसवलं आणि वर विचारलं की किती किलोमीटर नेलं. बाई टॅक्सीनं गेल्या होत्या. स्पॅनिशमध्ये ‘इंग्रेसो’ दिसलं तर अ‍ॅडमिशन, ‘आल्ता’ दिसलं तर डिस्चार्ज, आणि ‘कोन्सुल्तास एक्सतेर्नास’ असेल तर बिनधास्त ओपीडी लावा. फ्रेंचमध्ये बिलावर सरळ ‘ओस्पितालिझासिओं’ असं लिहिलेलं असतं, त्याला तर भाषांतरकारही लागत नाही.

मला माहितीये तुमच्यावरही टार्गेट असतं, दिवसाला इतक्या फाइली, आणि खोटे क्लेमही येतात, इथल्या इथे एक रात्र अ‍ॅडमिट दाखवून तपासण्या करून घेणारे महाभाग मी पण ऐकलेत. पण ती चलाखी पकडायला तुम्ही तारखा, नर्सिंग चार्ट, औषधांच्या नोंदी बघता. मग खऱ्या पेशंटच्या वेळी तेच कागद बघायला काय हरकत आहे.

तर मागणी एवढीच. परदेशी हॉस्पिटलच्या नावात पॉलिक्लिनिक, पोलिक्लिनिका, पॉलिक्लिनिको असं काहीही असलं तर फाइल ओपीडीत टाकायच्या आधी अ‍ॅडमिशन आणि डिस्चार्जच्या तारखा बघायच्या, असा एक ओळीचा नियम तुमच्या चेकलिस्टमध्ये घाला. शंका असेल तर क्वेरी काढा, पेशंटला विचारा, भाषांतरकाराला विचारा, आमचा फोन नंबर शिक्क्याखाली असतो आणि आम्ही या कामाचे वेगळे पैसे घेत नाही. आणि भाषांतराचा खर्च क्लेममध्ये धरणार की नाही हे पॉलिसीच्या कागदावर वाचता येईल अशा टायपात छापा, कारण दर वेळी पेशंट मला विचारतो आणि मी काय सांगणार.

काकांची फाइल कंपनीच्या तक्रार विभागाकडे परत गेली आहे, सोबत भाषांतराचं पहिलं पान पिवळ्या मार्करनं रंगवून जोडलंय. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा परत तेच ओपीडीचं उत्तर आलं, तर विमा लोकपालांकडे अर्ज करायचा असं काकूंनी ठरवलंय, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. अर्जाचा मसुदा मी वाचलाय. त्यात पोप आहेत.

आपली,
पुण्याची एक भाषांतरकार